विश्वसनीयता लवकर सापडली, सप्रमाणता मागे राहिली

न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जेम्स मकीन कॅटेल अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या 'मानसिक चाचण्या' घेत होते. हा शब्दप्रयोग रूढ केला त्यांनीच, १८९० मध्ये. मुठीची ताकद किती, आवाज ऐकल्यावर हात किती वेळात हलतो, त्वचेवरची दोन टोके वेगवेगळी जाणवायला त्यांच्यात किती अंतर लागते, अशी ती मोजमापे होती. यातून बुद्धीचा अंदाज येईल, असा त्यांचा विश्वास होता. १९०१ मध्ये त्यांचाच विद्यार्थी क्लार्क विस्लर याने या आकड्यांचा विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांशी सहसंबंध काढला, म्हणजे दोन्ही आकडे कितपत जोडीने बदलतात हे पाहिले (शून्य म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). तो जवळजवळ शून्य निघाला. चाचण्यांचे आपापसातही फारसे जमेना.

माझ्या मते मानसिक मापनाचा खरा इतिहास इथून सुरू होतो, कारण या अपयशातून दोन अगदी वेगळे प्रश्न निघतात. मोजपट्टीच डळमळीत आहे का? की पट्टी ठीक आहे, पण आपण भलतेच काही मोजतो आहोत? पहिल्या प्रश्नाला आज आपण विश्वसनीयता म्हणतो आणि दुसऱ्याला सप्रमाणता किंवा यथार्थता. गेली सव्वाशे वर्षे मानसशास्त्राने पहिल्या प्रश्नाकडे जास्त लक्ष दिले. तो कमी महत्त्वाचा होता, पण त्याला सूत्र होते.

ते सूत्र चार्ल्स स्पीअरमन यांनी १९०४ मध्ये दिले. प्रत्येक मापनात थोडी चूक असते आणि त्या चुकीमुळे दोन गोष्टींमधला खरा संबंध आहे त्यापेक्षा फिका दिसतो, हा त्यांचा मुद्दा. दोन चाचण्यांचा दिसणारा सहसंबंध ०.३० आहे आणि त्यांची विश्वसनीयता ०.५० व ०.७२ आहे, असे समजा. चूक वजा जाता तो संबंध ०.५० इतका ठरतो. शून्याजवळच्या सहसंबंधामागे मोजक्या प्रयत्नांवर घाईने घेतलेली मापनेही असू शकतात, हे यातून कळले. १९१० मध्ये स्पीअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी स्वतंत्रपणे आणखी एक गोष्ट दाखवली: त्याच धर्तीचे प्रश्न वाढवत नेले की विश्वसनीयता वाढते. ०.६० ची चाचणी दुप्पट लांब केली की ०.७५ होते. हे गणित सुंदर आहे. पुढचा घोळही यातूनच झाला: पट्टी पक्की करण्याच्या नादात ती काय मोजते, हे विचारायचे राहून गेले.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे १७ लाख जणांची बुद्धिचाचणी घेतली. वाचता येणाऱ्यांसाठी अल्फा, न येणाऱ्यांसाठी बीटा. या आकड्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये युरोपातल्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्या स्थलांतरितांची उपजत बुद्धीनुसार क्रमवारी लावली. पण त्याच आकड्यांत एक गोष्ट ढळढळीत होती: अमेरिकेत जितकी जास्त वर्षे काढलेली, तितके गुण जास्त. चाचणी कशाचे मापन करत होती, याचे उत्तर समोरच पडले होते. १९३० मध्ये ब्रिगम यांनी आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. त्या सात वर्षांत ते आकडे शास्त्र म्हणून मिरवले गेले, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

व्याख्या तेव्हाही होती. चाचणी जे मोजते असे म्हणते तेच ती मोजते का, हा सप्रमाणतेचा प्रश्न ट्रूमन केली यांनी १९२७ मध्ये नेमक्या शब्दांत मांडला होता. व्यवहारात मात्र सोपी वाट निघाली: एखाद्या बाह्य निकषाशी सहसंबंध दाखवायचा आणि मोकळे व्हायचे. १९४६ मध्ये गिलफर्ड यांनी तर चाचणीचा ज्याच्याशी सहसंबंध येतो त्यासाठी ती सप्रमाण, अशी भूमिका घेतली. नोकरीत कोण टिकेल हे सांगायला ते पुरते. पण चिंता किंवा नैराश्य मोजताना निकष कुठून आणायचा?

याला उत्तर देण्याचा गंभीर प्रयत्न १९५५ मध्ये ली क्रॉनबाख आणि पॉल मील यांनी केला. त्याला आपण संकल्पना-सप्रमाणता म्हणतो. 'चिंता' डोळ्यांना दिसत नाही, पण ती खरोखर असेल तर तिचे इतर गोष्टींशी काही अपेक्षित संबंध असायला हवेत. हे संबंधांचे जाळे आधी विणायचे आणि चाचणीचे आकडे त्यात बसतात का ते तपासायचे. न बसल्यास दोष चाचणीचा असेल किंवा सिद्धान्ताचाही. चार वर्षांनी कॅम्पबेल आणि फिस्क यांनी यात मोलाची भर घातली: एकच गुणधर्म वेगवेगळ्या पद्धतींनी मोजा आणि वेगवेगळे गुणधर्म एकाच पद्धतीने मोजा. दोन प्रश्नावल्या केवळ प्रश्नावल्या असल्यामुळेही एकमेकींशी जुळू शकतात. हा इशारा आजही पुरेसा पाळला जात नाही.

योगायोग असा की ज्या क्रॉनबाख यांनी सप्रमाणतेचा विचार खोल नेला, त्यांचे नाव घरोघर झाले ते विश्वसनीयतेमुळे. १९५१ चा त्यांचा 'अल्फा' हा गुणांक, चाचणीतले प्रश्न एकमेकांशी कितपत जुळतात हे सांगणारा. कुडर आणि रिचर्डसन यांनी १९३७ मध्ये बरोबर-चूक उत्तरांसाठी असेच सूत्र दिले होते आणि लुई गटमन यांनी १९४५ मध्ये अल्फाशी जुळणारेच मांडले होते. नाव मात्र क्रॉनबाख यांचे चिकटले आणि त्यांना स्वतःला ते पटत नव्हते. हा गुणांक एकदाच घेतलेल्या चाचणीवरून निघतो, म्हणून संशोधकांनी तो उचलून धरला. पण एकच प्रश्न शब्द फिरवून पाच वेळा विचारला तरी अल्फा चढतो. प्रबंधात '०.८५' लिहून मापनाचा विषय संपवलेला दिसतो, तेव्हा विस्लरच्या दोन प्रश्नांपैकी फार तर पहिल्याचे उत्तर मिळालेले असते.

पुढे सॅम्युएल मेसिक यांनी १९८९ मध्ये सप्रमाणतेचे सगळे प्रकार एका छत्राखाली आणले आणि चाचणीतल्या गुणांचा वापर केल्याने काय परिणाम होतात हेही त्यात घेतले. २००४ मध्ये डेनी बोर्सबूम आणि सहकाऱ्यांनी हा पसारा नाकारला. त्यांचे म्हणणे सरळ होते: मोजायचा तो गुणधर्म अस्तित्वात असला पाहिजे आणि त्यातल्या फरकामुळेच चाचणीच्या गुणांत फरक पडला पाहिजे. हा वाद अजून मिटलेला नाही.

दरम्यान, आयको फ्रीड यांनी २०१७ मध्ये नैराश्याच्या सात प्रचलित मोजपट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या. त्यांत मिळून ५२ वेगवेगळी लक्षणे निघाली. त्यांपैकी ४० टक्के लक्षणे फक्त एकेकाच मोजपट्टीत होती, सातही मोजपट्ट्यांत असलेली १२ टक्के. आणि सातही मोजपट्ट्या एकाच नावाने, नैराश्याचे मापन म्हणून वापरल्या जातात.