ग्रहणात भाजी चिरल्यानं बाळाच्या हृदयाला छिद्र पडत नाही

विदर्भातल्या गावांत बाळाच्या हृदयात छिद्र निघालं की पहिला प्रश्न मायलाच येतो: ग्रहणात भाजी चिरली होती का? हा समज साफ चुकीचा आहे. पोटात असताना हृदयाचे कप्पे वेगळे करणारा पडदा पूर्ण जुळत नाही, म्हणून जागा उघडी राहते. हृदयाची ही घडण मुख्यतः गरोदरपणाच्या पहिल्या ८ आठवड्यांतली. तेव्हा कित्येक बायांना दिवस गेल्याचंही ठाऊक नसतं. शंभरातल्या जवळपास एका बाळाला जन्मजात हृदयदोष असतो. बहुतेकदा नेमकं कारण सापडत नाही. जनुकं, आईचा आटोक्यात नसलेला मधुमेह, गरोदरपणात झालेला रुबेला (गोवरासारखा संसर्ग) यांचा वाटा असू शकतो. विळीचा नाही.

आधीच कापूस वेचणीवर आलेला, त्यात लेकराच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी नागपूर गाठायचं. थिएटरचं दार लागलं की बापाच्या हातात लेकराचं झबलं तेवढं उरतं. अशा वेळी मायवर बोट ठेवणं फार क्रूर आहे. ऑपरेशन नीट झालं तरी आईबापांची झोप महिनोन्‌महिने उडालेली राहू शकते. तेही डॉक्टरांना सांगावं.

दूध पिताना घामाघूम होणारं, ओठ निळे पडणारं लेकरू लगेच डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक लेकरं तपासायला अंगणवाडीत येतं. त्यातून पुढचे उपचार मोफत होतात.