पार्श्वभूमी : कोकणात लोक घर बांधायला शिकले कुठे?

मे महिना सरत आला की कोकणात एक काम हमखास निघायचं : शाकारणी. घरावरची नळीची कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेल्या रीपा बदलायच्या, वाळवी लागलेला वासा दिसला तर सुताराला निरोप धाडायचा, आणि वळचणीपासून आढ्याकडे कौलं पुन्हा रचत न्यायची. पोरं खाली रांगेत उभी राहून हातोहात कौलं वर द्यायची. चार पावसाळे हे काम केलेल्या पोराला छपराचा उतार किती लागतो, पाणी कुठे तुंबतं, कुठला वासा माणसाचं वजन पेलतो आणि कुठल्यावर पाय ठेवायचा नाही, हे कुणी न शिकवता कळायचं. जो चुकायचा त्याला जूनमध्ये घरातच गळतीखाली पातेलं ठेवावं लागायचं. परीक्षेचा निकाल इतक्या लवकर कुठल्याच शाळेत लागत नाही.

बांधकामाची मूलभूत तंत्रं शिकवणारे अभ्यासक्रम आज कोकणातही आहेत. आखणी, पाया, भिंत, गिलावा, काँक्रीट हे सगळं त्यांत असतं. पण त्यांच्यामागचा इतिहास पाहताना एक गोष्ट सारखी समोर येते. इथे बांधकाम शिकायची खरी जागा नवं घर ही नव्हतीच. नवं घर पिढीत एकदा उभं राहायचं, दुरुस्ती मात्र दर वर्षी. हात तयार व्हायचे ते दुरुस्तीत.

जुनं घर तसं साध्या गोष्टींचं होतं. मातीच्या भिंती एका दमात उभ्या करत नसत. माती पायांनी मळायची, हातभर थर चढवायचा, तो सुकू द्यायचा आणि मग वरचा. खांब फणसाचे, वासे ऐन-किंजळाचे, रीपा पोफळीचं खोड चिरून काढलेल्या. जमीन चोपण्याने ठोकून घट्ट करायची आणि शेणाने सारवायची. पावसाळ्याआधी वाऱ्याच्या अंगाला चुडताच्या झापा बांधायच्या, म्हणजे भिंत भिजत नाही. यातलं जवळजवळ सगळं सामान वाडीत मिळायचं आणि जवळजवळ सगळंच दर काही वर्षांनी बदलावं लागायचं. ज्याला आपण कच्चं घर म्हणतो, ते शिकायला मात्र पक्कं होतं.

ज्यांना परवडायचं ते चिऱ्याचं घर बांधत. कोकणाच्या दक्षिण भागातले सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, जांभ्याचे आहेत. जांभा जमिनीत असतो तेव्हा तुलनेने मऊ असतो, हत्याराने त्याचे चौकोनी चिरे निघतात. उघड्यावर हवा लागली की तो कडक होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन हा स्कॉटिश डॉक्टर दक्षिण भारतात फिरताना केरळातल्या अंगडीपुरमजवळ हे पाहून थक्क झाला होता. स्थानिक लोक या दगडाला ‘विटेचा दगड’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, हे त्याने नोंदवलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं. म्हणजे जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आज असलेला हा शब्द मुळात गवंड्याच्या नजरेतून आलेला आहे.

चिऱ्याचं काम शिकताना पहिला धडा सांधमोडीचा. खालच्या थरातल्या दोन चिऱ्यांचा सांधा वरच्या थरातल्या सांध्याच्या बरोबर खाली येता कामा नये. आला तर भिंतीत वरपासून खालपर्यंत उभी रेघ तयार होते आणि पाया जरासा खचला तरी भिंत त्याच रेघेवर उकलते. दुसरा धडा ओळंब्याचा, म्हणजे दोरीला वजन टांगून भिंत सरळ उभी आहे का ते पाहण्याचा, आणि तिसरा हिशोबाचा. बाजारात चिरा साधारण १४ बाय ९ बाय ७ इंचांचा मिळतो. म्हणजे एका चिऱ्याचे ८८२ घनइंच. बांधकाम मोजतात ब्रासमध्ये, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. नुसता भागाकार केला तर ब्रासला १९६ चिरे येतात. पण दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, तिन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचे धरले तर हाच आकडा १६७ च्या आसपास उतरतो. हा तीसेक चिऱ्यांचा फरक ज्याला तोंडी सांगता येतो तो गवंडी, आणि ज्याला कागदावरही काढता येत नाही त्याचं गिऱ्हाईक फसतं. मालाची कसोटी पाहायची तर भारतीय मानकात जांभ्याच्या चिऱ्यासाठी वेगळी संहिता आहे, आयएस ३६२०. तिच्यानुसार चिऱ्याची दाब सोसण्याची ताकद चौरस मिलिमीटरला निदान ३.५ न्यूटन हवी. खाणीवर मात्र लोक अजून चिरा वाजवून पाहतात आणि पांढरी-पिवळी मऊ माती किती आहे यावरून भाव पाडतात.

हाताने काढलेला चिरा कधी सारखा नसायचा. म्हणून भिंतीवर बसवण्याआधी तो तासावा लागे आणि तासता तासता दगडाची जात कळे. आता खाणीवर फिरत्या पात्याचं यंत्र चालतं, चिरा कापून सरळ येतो. काम भरभर उरकतं, यात वाद नाही. पण तासण्यातून मिळणारं शिक्षण त्या यंत्राने गिळलं. (आणि याच सड्यांवर ती कातळशिल्पं आहेत, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. खाण कुठे सुरू करायची हा प्रश्न आता फक्त चिऱ्याच्या भावाचा राहिलेला नाही.)

चिरे जोडायला साध्या घरात लाल मातीच चाले. चुना परवडायचा तो देवळाला, वाड्याला, किल्ल्याला. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत, तो भिजवून मुरवत आणि घाणीत बैल फिरवून मळत. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. त्याच्या पायाचे दगड बसवताना शिसं ओतल्याचं सांगितलं जातं. किल्ल्याच्या कामाशी जोडलं जाणारं हिरोजी इंदुलकरांचं नाव रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवरही कोरलेलं आहे : ‘सेवेचे ठायी तत्पर’. २०२५ मध्ये सिंधुदुर्गासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. बांधणाऱ्या बाकी शेकडो हातांची नावं कुठल्याच पायरीवर नाहीत, आणि ते हात कुठे शिकले याची वहीही कुणी ठेवली नाही.

चुन्याचा एक गुण शिकणाऱ्याच्या फायद्याचा होता. तो सावकाश धरतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत त्याला कडक व्हायला महिने लागतात. त्यामुळे आज रचलेला थर उद्या सकाळी उस्तादाने पाहिला, नाक मुरडलं, तर तो उतरवून पुन्हा रचता यायचा. सिमेंट अशी सवलत देत नाही. मानकाप्रमाणे साध्या सिमेंटचं धरणं निदान ३० मिनिटं तरी सुरू होऊ नये. म्हणजे बिगाऱ्याच्या हातात जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा भरवसा. चूक त्याच्या डोळ्यांदेखत दगड होते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शिकण्याचे दोन रस्ते झाले आणि ते एकमेकांपासून दूरच गेले. १८५४ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल सुरू झालं. तेच पुढे पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. हेतू होता सरकारी बांधकामांसाठी हाताखालचे अधिकारी तयार करण्याचा. इथून ‘ओव्हरसियर’ नावाचा माणूस गावोगाव आला. त्याला नकाशा वाचता येई, मोजमाप लिहिता येई, थापी मात्र त्याने धरलेली नसे. गवंड्याला थापी येई, नकाशा नाही. मला तर वाटतं, आजही कोकणातल्या कुठल्याही साईटवर जे वाद होतात त्यातले निम्मे या जुन्या फाळणीचेच असतात.

जवळपास त्याच काळात छपरावरही बदल आला. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. ही चपटी, एकमेकांत अडकणारी मंगळुरी कौलं हळूहळू किनाऱ्याने वर सरकली. कुंभाराच्या नळीच्या कौलांसारखी ती माकडांनी आणि वाऱ्याने सहजी हलत नाहीत. दर वर्षी सगळं छप्पर उतरवायची गरज उरली नाही, फुटलेलं तेवढं बदललं की झालं. घरधन्याला हे बरंच वाटलं असणार. पण शाकारणीची पहिली पकड सुटली ती इथे. खालून कौलं द्यायला दहा पोरं लागेनाशी झाली.

मग सिमेंट. इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं, आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये उत्पादन सुरू झालं. कोकणच्या वाडीत ते घुसलं खूप पुढे, मुंबईच्या पैशावर. चाकरमान्याला गणपतीत येऊन राहायला स्लॅबचं घर हवं होतं. दर वर्षी डागडुजी करायला तो गावात नव्हता, आणि म्हाताऱ्या आईबापांना छपरावर चढवणं शक्य नव्हतं. स्लॅबचं मुख्य आकर्षण टिकाऊपणा नव्हतं, शाकारणीतून सुटका हे होतं. त्यात त्याची काही चूक नव्हती.

पण काँक्रीटचे धडे वेगळे, आणि किनाऱ्यावर ते अधिकच कडक. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसते ती आतली सळई. खारा वारा बारीक भेगांमधून सळईपर्यंत पोचला की ती गंजते, गंजताना फुगते आणि वरचा थर फोडून काढते. स्लॅबच्या खालून पोपडे पडून तांबूस सळया दिसायला लागतात ते यामुळे. म्हणूनच आयएस ४५६ या संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीत समुद्रकिनारी उघड्या असलेल्या काँक्रीटला ‘तीव्र’ वर्गात घातलं आहे : निदान एम ३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण. आडबाजूला, खारट वाऱ्यापासून आडोशाला असलेल्या घराला ३० मिलिमीटर चालतं. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी हे अंतर राखायला सळईखाली ठेवायच्या कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचा एखादा तुकडा सरकवला जातो. त्यात वाळू आली खाडीची. ती धुऊन न वापरता मिक्सरमध्ये टाकली तर मीठ वाऱ्याने येण्याची वाटच पाहावी लागत नाही, ते पहिल्या दिवसापासून आतच असतं.

आणि पाणी मारणं. संहिता म्हणते, साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला निदान दहा दिवस काँक्रीट ओलं ठेवा. कोकणात स्लॅब पडतात ते बहुतेक एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आत घर झाकायच्या घाईत. नेमक्या तेव्हाच विहिरी तळाला गेलेल्या. पिण्याचं पाणी टँकरने येत असताना स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, असं सांगणाऱ्या इंजिनिअरकडे लोक कसे बघतात ते मी पाहिलंय. अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात काँक्रीट तहानेने कच्चं राहतं, ही गोष्ट बाहेरच्याला पटत नाही.

हे शिकवायची औपचारिक सोय स्वातंत्र्यानंतर झाली. केंद्र सरकारने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आणली, तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. गवंडी हा आयटीआयमधला एक वर्षाचा, आठवी पास मुलाला खुला असलेला ट्रेड आहे. स्थापत्य आरेखकाचा ट्रेड दोन वर्षांचा, त्याला दहावी लागते. कल कुठे असतो हे सांगायला नको. थापीपेक्षा पेन्सिल बरी, हे घरोघरी ठरलेलं असतं.

फाळणी सांधायचा एक वेगळा प्रयत्न घाटावर झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. काम करता करता शिकायचं, आणि गावाला खरंच लागणारं काम करायचं, ही त्यांची रीत. तिथे मुलं विटांची रचना, ओळंबा, जाळीवर सिमेंट थापून केलेलं फेरोसिमेंट हे सगळं हाताने करतात. १९९३ च्या लातूर भूकंपानंतर चर्चेत आलेले पाबळचे घुमट, म्हणजे घुमटाकार घरं, तीही तिथलीच. ही मूळ तंत्रांची ओळख पुढे राज्यातल्या शाळांतही गेली. पाहिलं तर ही शाकारणीचीच पद्धत, फक्त वेळापत्रकात बसवलेली. काटकोन काढायला आजही तिथे आणि साईटवर तोच उपाय : दोरीवर तीन फूट, चार फूट, आणि तिरकस पाच फूट.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि श्रीवर्धन, मुरूडपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरं उडाली. पावसाळा दारात होता. कौलं आणि पत्रे मिळवण्याइतकाच कठीण प्रश्न होता ते बसवणारे हात मिळवण्याचा, कारण कौलावर चालता येणारी माणसं वाडीत दोन-तीनच आणि तीही साठीच्या पुढची.

उडालेल्या छपरांत पत्र्याच्या शेडही होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच स्लॅबवर उभ्या केलेल्या. कारण काही पावसाळ्यांत स्लॅब गळायला लागतो, मग त्यावर लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि उतरता पत्रा चढवतात. आज दापोली ते सावंतवाडी कुठल्याही रस्त्याने जा, स्लॅबच्या घरावर हे दुसरं छप्पर दिसतंच. जो उतार घालवायला स्लॅब घातला, तोच पुन्हा डोक्यावर. फक्त तो सुतार नाही, वेल्डिंग मशीन घेऊन येणारा फॅब्रिकेटर बसवतो. वादळानंतर लोक त्याला आता दोन गोष्टी विचारून घेतात : सांगाडा स्लॅबला नुसता टेकवलाय की बोल्टने आवळलाय, आणि पत्रा पाइपाला धरून ठेवणारे जे-हुक दर पन्हळीला आहेत की एक सोडून एक.