वाळूचा कण आणि चपट्या माशाचं बालपण

लेपा, सोल, हॅलिबट यांसारखे चपटे मासे जन्मतःच चपटे नसतात. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू इतर माशांसारखंच सरळ पोहतं, दोन बाजूंना दोन डोळे असतात. मग काही आठवड्यांत एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि मासा एका कुशीवर कायमचा आडवा होतो. उत्तर समुद्रातल्या प्लेस या माशात डावा डोळा उजवीकडे येतो. तळाशी उतरताना हे पिल्लू जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं असतं. ते कुठे उतरतं, यावर बरंच काही ठरतं.

तळ गाठल्यावर शत्रूंपासून वाचायचा त्याचा मुख्य उपाय म्हणजे स्वतःला पुरून घेणं. अंग जोरात थरथरवून ते वाळू उडवतं, ती पाठीवर बसते आणि वर फक्त डोळे उरतात. पण वाळू जाडी असेल तर एवढ्याशा जिवाला ती हलवता येत नाही. म्हणून बरीच लहान पिल्लं बारीक वाळूचा तळ पसंत करतात. अंगात जोर आला की जाडसर वाळूही चालते आणि राहण्याजोगा तळ आपोआप वाढतो. सगळ्यांची आवड मात्र सारखी नाही: सोलची पिल्लं खाडीमुखाच्या चिखलातही सुखाने वाढतात.

पुरून घेणं इतकं मोलाचं का, हे शत्रू पाहिला की कळतं. उथळ पाण्यात नुकत्याच उतरलेल्या प्लेसला तपकिरी कोळंबीसुद्धा खाते! साधारण तीन सेंटिमीटरची लांबी गाठेपर्यंत ही भीती असते.

वाळूइतकंच तळावर काय उगवलंय, काय पडलंय, यालाही महत्त्व आहे. अलास्काकडच्या हॅलिबटच्या पिल्लांना प्रयोगशाळेतल्या टाक्यांमध्ये निवड करू दिली, तेव्हा ती सपाट वाळू सोडून स्पंज आणि शिंपल्यांच्या आडोशाला गेली. अशा तळावर मोठ्या माशांच्या तोंडी सापडणंही कमी झालं. तळ खरवडत जाणारी जाळी हाच आडोसा मोडतात. ते नुकसान पकडलेल्या माशांच्या वजनात दिसत नाही, म्हणून ते मला जास्त गंभीर वाटतं.

नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यालगतचा वाडन समुद्र ही प्लेसची मोठी बालवाडी. तिच्या बाहेरच्या पट्ट्यात, कोवळी प्लेस वाचावी म्हणून, 1989 पासून मोठ्या ट्रॉलरना, म्हणजे जाळी ओढत मासे धरणाऱ्या बोटींना, बंधनं घातली गेली. त्या पट्ट्याला ‘प्लेस बॉक्स’ म्हणतात. पुढे पिल्लं किनारा सोडून अधिक खोल पाण्याकडे सरकली, त्यातली बरीच या चौकटीच्या बाहेर गेली. तापलेलं उथळ पाणी हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. वाळू होती तिथेच राहिली, तिच्यावरचं पाणी बदललं. नकाशावरच्या रेघा मात्र जुन्याच जागी होत्या.