आंतरदेशीय दत्तक अर्ज: कौटुंबिक फोटो अल्बम कसा तयार करावा

दुसऱ्या देशातलं मूल दत्तक घेण्याच्या फाइलीत बहुतेक कागद दुसरं कुणीतरी तयार करून देतं. वैद्यकीय दाखला डॉक्टर देतात, चारित्र्य पडताळणी पोलीस करतात, होम स्टडी, म्हणजे अर्जदारांच्या घराचा आणि कुटुंबाचा पाहणी अहवाल, समाजकार्यकर्ता लिहितो. फोटो अल्बम मात्र अर्जदारांनाच करावा लागतो. ‘त्यात काय, फोटो तर घरात आहेतच’ म्हणून तो शेवटपर्यंत राहून जातो. मग मोबाइलमधले हाताला लागतील ते फोटो छापून चिकटवले जातात आणि नेमकी तिथंच त्रुटी निघते.

मुळात अल्बम दोन लागतात. पहिला फाइलीसोबत जातो. तो मुलाच्या देशातले अधिकारी आणि मूल व कुटुंब यांची जुळणी करणारी मंडळी पाहतात. दुसरा खुद्द मुलासाठी असतो आणि जुळणी मंजूर झाल्यावर दत्तक संस्थेमार्फतच पाठवायचा असतो. एकच अल्बम दोन्हीकडे चालवला तर अधिकाऱ्यांना माहिती कमी पडते आणि मुलाला मजकूर डोईजड होतो.

पात्रता आणि अल्बमचा संबंध

आंतरदेशीय दत्तकविधानाबाबतचा हेग करार १९९३ चा. त्याच्या कलम १५ नुसार अर्जदारांच्या देशातली केंद्रीय यंत्रणा त्यांच्याबद्दल एक अहवाल तयार करते. ओळख, पात्रता, पार्श्वभूमी, कौटुंबिक आणि वैद्यकीय इतिहास, सामाजिक परिस्थिती, दत्तक घेण्यामागची कारणं आणि कोणत्या मुलांचा सांभाळ करण्याची त्यांची क्षमता आहे, हे सगळं त्यात येतं. अल्बम या अहवालाला जोड म्हणून असतो. पात्रता ठरते ती वय, आरोग्य, उत्पन्न, चारित्र्य आणि होम स्टडी यांवर; देखण्या अल्बमनं त्यात भर पडत नाही. अहवालाशी न जुळणारा अल्बम मात्र पात्र अर्जदारांचीही फाइल अडवून ठेवतो.

म्हणून फोटो काढायला सुरुवात होम स्टडीचा मसुदा वाचल्यावरच करा. त्यात घराचा पत्ता, खोल्यांची संख्या, घरात राहणारी माणसं, पाळीव प्राणी, मुलासाठी ठरवलेली खोली आणि अर्जदारांचं काही बरंवाईट झालं तर मुलाला सांभाळणारी व्यक्ती, अशा नोंदी असतात. प्रत्येक नोंदीला अल्बममध्ये किमान एक फोटो हवा आणि नोंद नाही असं काही फोटोत दिसायला नको. एक नेहमीचा घोळ पाहा. होम स्टडीत घरातली माणसं तीन लिहिली आहेत आणि अल्बममधल्या पाच फोटोंत एक चौथा तरुण दिसतो. कधी स्वयंपाकघरात, कधी सोफ्यावर घरच्या कपड्यांत. बघणारा साहजिकच विचारतो, हा कोण? इथंच राहतो का? राहत असेल तर त्याची नोंद आणि चारित्र्य पडताळणी कुठे आहे? तो भाचा असेल आणि सुट्टीपुरता आलेला असेल, तर फोटोखालच्या एका ओळीत विषय मिटला असता. ती ओळ नसली की पत्रव्यवहार सुरू होतो.

काय दाखवायचं

मुलाच्या देशाच्या किंवा संस्थेच्या कागदपत्रांच्या यादीत फोटोंचा आकडा दिलेला असेल तर तोच पाळायचा. नसेल तर १५ ते २० फोटो पुरतात. चाळीस फोटो पाठवून कुणावर छाप पडत नाही, उलट महत्त्वाचे चेहरे गर्दीत हरवतात.

पहिला फोटो अर्जदारांचा. जोडपं असेल तर दोघांचा एकत्र, चेहरे स्पष्ट, गॉगल आणि टोपी नाही, शक्यतो गेल्या सहा महिन्यांतला. एकल पालक असेल तर त्यांचा एकट्याचा. त्यानंतर घरात आधीची मुलं असतील तर ती, मग आजी-आजोबा आणि संकटकाळी मुलाला सांभाळणारी व्यक्ती. या शेवटच्या व्यक्तीचा फोटो फार जण विसरतात. फाइलीत तिचं संमतीपत्र असतं, अल्बममध्ये तिचा पत्ताच नसतो.

घराचे फोटो दिवसाउजेडी काढा: बाहेरून पूर्ण घर किंवा इमारत, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, मुलाची खोली. बाल्कनी, जिना किंवा पोहण्याचा तलाव असेल तर कठडा, फाटक, कुंपण दिसेल असा एक फोटो हवाच, कारण होम स्टडीत सुरक्षिततेचा उल्लेख असतो. मुलाच्या खोलीत खेळण्यांचा ढीग मांडायची गरज नाही. वयाला साजेसा पलंग, कपड्यांचं कपाट, खिडकी, एवढं दिसलं की झालं. अर्ज सहा ते आठ वर्षांच्या मुलासाठी आणि खोलीत पाळणा, असं मात्र करू नका. अर्जदार नक्की कोणत्या वयाच्या मुलासाठी तयार आहेत, अशी शंका त्यातून निघते.

उरलेले फोटो रोजच्या जगण्याचे: एकत्र जेवण, बागकाम, फिरायला जाणं, शेजार, जवळची शाळा किंवा मैदान. सगळेच फोटो लग्नसमारंभातले आणि स्टुडिओतले असतील तर घर कसं चालतं ते कळतच नाही.

मद्याचे पेले, सिगारेट, शस्त्रं, पोहण्याचे कपडे, फिल्टर लावलेले चेहरे टाळा. आधीच्या जोडीदारासोबतचे फोटो नकोत. नातेवाइकांची किंवा मित्रांची मुलं दिसत असतील तर त्यांच्या पालकांची परवानगी घ्या. तात्पुरत्या सांभाळासाठी कुणाचं मूल घरी असेल तर त्याचा चेहरा अल्बममध्ये अजिबात नको. त्या मुलाची गोपनीयता तुमच्या अर्जापेक्षा मोठी आहे.

छपाई, मथळे आणि कागदपत्रं

चार बाय सहा इंची रंगीत प्रत सोयीची. ए-फोर कागदाच्या एका बाजूला दोन फोटो आणि प्रत्येकाखाली तीन-चार ओळींची जागा सोडा, भाषांतर तिथं बसतं. मॅट कागद घ्या, चकचकीत कागद स्कॅन करताना उजेड परावर्तित होऊन चेहऱ्यावर पांढरा डाग येतो. चिकट पानांचे तयार अल्बम टाळा: फोटो सोडवताना फाटतात आणि काही वर्षांत गोंदाने पिवळे पडतात. शिवलेली बांधणीही नको, कारण फाइल पानापानाने स्कॅन होते. डिजिटल प्रत मागितली असेल तर या आकाराला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात.

प्रत्येक फोटोला क्रमांक द्या. मथळ्यात कोण, अर्जदारांशी नातं काय, कुठे आणि कोणत्या महिन्यात, एवढंच. अर्जदारांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहा, लाडकी नावं नकोत. ‘आमचं सुखी कुटुंब’ हा मथळा काहीच सांगत नाही. ‘डावीकडून: अर्जदार, अर्जदारांच्या आई, थोरली मुलगी’ हा सांगतो. सर्व मथळ्यांची क्रमांकानुसार वेगळी यादी करून तीच भाषांतरकाराला द्या.

अल्बमसोबत साधारण हे लागतं: क्रमवार मथळ्यांची यादी आणि तिचं भाषांतर; हे फोटो आमचे आणि आमच्या घराचे आहेत असं सही-तारखेचं निवेदन; आणि यादीत म्हटलं असेल तर त्या निवेदनाचं नोटरीकरण. अपॉस्टिल, म्हणजे दस्तऐवज परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र, सार्वजनिक दस्तऐवजांवर लागतं, घरच्या फोटोंवर नाही. नोटरी केलेल्या निवेदनावर मात्र ते मागितलं जाऊ शकतं, तेव्हा पैसे भरण्याआधी संस्थेकडून लेखी विचारून घ्या. मूळ संचाशिवाय दोन प्रती स्वतःकडे ठेवा.

मुलासाठीचा अल्बम

इथं घाई घातक ठरते. कराराच्या कलम २९ नुसार ठरावीक टप्पे पूर्ण होईपर्यंत भावी पालकांनी मुलाच्या आईवडिलांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी संपर्क करायचा नसतो; नात्यातलं दत्तकविधान किंवा सक्षम अधिकाऱ्यांनी घातलेल्या अटींनुसार झालेला संपर्क हा अपवाद. ओळखीच्या प्रवाशाच्या हाती परस्पर अल्बम पाठवणं म्हणजे फाइल धोक्यात घालणं.

हा अल्बम लहान हातांत मावेल असा, दहा-बारा जाड पानांचा, कोपरे गोल केलेला आणि पानं लॅमिनेट केलेली असावी. तो खाली पडणार, चावला जाणार, इतर मुलांच्या हातांतून फिरणार. एका पानावर एकच फोटो, चेहरा मोठा, मागे गर्दी नाही. खाली मुलाच्या भाषेत एक-दोन सोपी वाक्यं: ‘ही आजी. ती गाणी म्हणते.’ ‘हा तुझा पलंग.’ आडनाव, पत्ता, फोन नको. घराचा क्रमांक आणि गाडीची पाटी दिसत असेल तर झाका. डिजिटल प्रतीतली ठिकाणाची नोंद काढून टाका. मुलाला प्रवास करावा लागणार असेल तर विमान आणि घराचं दार ही दोन पानं उपयोगी पडतात.

‘लवकरच न्यायला येतो’ असं काहीही लिहू नका. कोर्टाची तारीख पुढे गेली की त्या वाक्याचा हिशोब सांभाळणाऱ्या ताईंना द्यावा लागतो. भेटवस्तूंची आश्वासनंही नकोत. आणि फोटोत दाढी, चष्मा, लांब केस असतील तर पहिल्या भेटीपर्यंत ते तसेच ठेवा. मूल ओळखणार आहे ते फोटोतला चेहरा.

फाइल पाठवल्यावर

प्रतीक्षा लांबते. दरम्यान घर बदललं, बाळ झालं, कुणी राहायला आलं किंवा वारलं, तर आधी होम स्टडीत सुधारणा आणि मग त्याच क्रमांकाचे फोटो बदलून नवी तारीख घातलेली पानं, असा क्रम ठेवा. होम स्टडीचं नूतनीकरण होईल तेव्हा अर्जदारांचा पहिला फोटोही नवा काढा. मूळ डिजिटल फोटो मूल घरी आल्यावरही जपून ठेवा, कारण दत्तकोत्तर पाठपुरावा अहवालांना मुलाचे फोटो जोडावे लागतात आणि त्यासाठीही हीच क्रमांक आणि मथळ्यांची पद्धत चालते.