फवारणी सोसणारे सोयाबीन आणि त्याच्या सुरक्षिततेचे मूल्यमापन

अमेरिकेतील शेतकऱ्यांनी १९९६ मध्ये प्रथमच असे सोयाबीन पेरले, की ज्याच्या उभ्या पिकावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले तरी तण जळून जात असे आणि पीक मात्र तगून राहत असे. मोन्सॅन्टो कंपनीच्या या सोयाबीनची शास्त्रीय नोंदींमधील ओळख ‘जीटीएस ४०-३-२’ अशी आहे. आज अमेरिकेतील सोयाबीनच्या ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर तणनाशक सहन करणारे वाणच असतात आणि त्या पिकाचे तेल व पेंड जगभर जाते. साहजिकच ‘हे सोयाबीन सुरक्षित आहे का?’ हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे. माझ्या मते या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे योग्य नाही, कारण दाण्यात आलेले नवे प्रथिन, त्या पिकावर होणारी फवारणी आणि त्या फवारणीमुळे बदलत जाणारे शेत यांची तपासणी वेगवेगळ्या नियमांखाली होते आणि ती सारख्याच बारकाईने झालेली नाही.

आधी ही सहनशीलता येते कुठून, ते पाहू. वनस्पती, बुरशी आणि अनेक जीवाणू फेनिलॲलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले स्वतःच तयार करतात. त्या प्रक्रियेतील एका टप्प्यावर ईपीएसपीएस नावाचे विकर काम करते. ग्लायफोसेट या विकराला अडवते, त्यामुळे वनस्पतीची वाढ खुंटते आणि काही दिवसांत ती मरते. माणसाच्या व जनावरांच्या पेशींमध्ये ही प्रक्रियाच नसते. ही आम्ले आपण अन्नातून घेतो. ग्लायफोसेट बनवणाऱ्या लुईझियानातील लुलिंग येथील कारखान्याच्या सांडपाण्यात संशोधकांना ॲग्रोबॅक्टेरियमचा ‘सीपी४’ हा प्रकार सापडला. त्याच्यातील ईपीएसपीएसची घडण किंचित वेगळी असल्याने ग्लायफोसेट त्याला अडवू शकत नाही. या जीवाणूचे जनुक सोन्याच्या सूक्ष्म कणांवर चढवून ते कण सोयाबीनच्या ऊतींवर वेगाने मारण्यात आले. जनुक चालू राहावे म्हणून फुलकोबीवरील एका विषाणूचा डीएनए-तुकडा आणि तयार झालेले प्रथिन हरितलवकात पोहोचावे म्हणून पेटुनियाच्या जनुकाचा एक भाग त्याला जोडलेला होता.

मूल्यमापनाची पद्धत तुलनेची आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९९३ मध्ये तिचे तत्त्व मांडले आणि अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने २००३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचे रूप दिले. नवे पीक पूर्णपणे निर्धोक आहे असे सिद्ध करणे तिला अपेक्षित नाही. दीर्घकाळ खाल्ल्या जाणाऱ्या नेहमीच्या पिकापेक्षा ते कोणत्या बाबतीत वेगळे आहे आणि त्या वेगळेपणाने काही बिघडते का, एवढे तिला शोधायचे असते. ही पद्धत अनेकांना पळवाट वाटते, पण सोयाबीनच्या बाबतीत तिला पर्याय नाही. साध्या सोयाबीनमध्येही प्रथिनांचे पचन रोखणारे ट्रिप्सिनरोधक असतात, लेक्टिन असतात आणि काही लोकांना ॲलर्जी होते अशी प्रथिनेही असतात. कच्चे सोयाबीन कोंबड्यांना मानवत नाही, म्हणूनच ते भाजून किंवा वाफवून वापरावे लागते.

नव्या प्रथिनाची तपासणी मात्र बारकाईने झाली आहे. दाण्यातील एकूण प्रथिनांमध्ये त्याचा वाटा एक-दशांश टक्क्याहूनही कमी असतो, म्हणून चाचणीपुरते ते ई. कोलाय जीवाणूंकडून तयार करून घेतले गेले आणि ते दाण्यातील प्रथिनासारखेच आहे हे आधी दाखवले गेले. मग आम्लधर्मी द्रवात पेप्सिन घालून तयार केलेल्या कृत्रिम जठररसात ते मिसळून ठरावीक अंतराने नमुने काढण्यात आले. पहिल्या १५ सेकंदांतच मूळ प्रथिन ओळखू येईनासे झाले. या वेगाला महत्त्व आहे, कारण ॲलर्जी निर्माण करणारी बरीच अन्न-प्रथिने पेप्सिनला दाद देत नाहीत आणि सलग अवस्थेत आतड्यापर्यंत पोहोचतात. उंदरांना शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ५७२ मिलिग्रॅम इतके शुद्ध प्रथिन पाजूनही विषबाधेची लक्षणे आढळली नाहीत. शिवाय ज्ञात ॲलर्जीकारक प्रथिनांशी त्याची अमिनो आम्लांची साखळी ताडून पाहिली जाते. कोडेक्सच्या निकषानुसार ८० आम्लांच्या कोणत्याही पट्ट्यात ३५ टक्क्यांहून अधिक साम्य आढळले, तर पुढील तपासणी आवश्यक ठरते.

ही चाळणी कामाची आहे का, याचे उत्तर दुसऱ्याच एका सोयाबीनने दिले. पायोनियर कंपनीने पशुखाद्यात मिथिओनिन हे अमिनो आम्ल वाढावे म्हणून ब्राझील नटाचे एक जनुक सोयाबीनमध्ये घातले होते. ब्राझील नटाची ॲलर्जी असलेल्या लोकांच्या रक्तद्रवाशी त्या सोयाबीनचा अर्क ताडला असता, नेमके ॲलर्जी करणारेच प्रथिन दाण्यात आले असल्याचे दिसले. हे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाण बाजारात आलेच नाही.

जनुकाच्या मांडणीबाबत मात्र परवानगीसाठीच्या मूळ अर्जातील माहिती अपुरी ठरली. जीटीएस ४०-३-२ मध्ये त्या जनुकाचे २५० आणि ७२ बेस-जोड्यांचे (डीएनएची लांबी या जोड्यांत मोजतात) आणखी दोन तुकडे असल्याचे कंपनीने २००० मध्ये कळवले. पुढच्याच वर्षी बेल्जियममधील संशोधकांना घातलेल्या जनुकाच्या टोकाशी ५३४ बेस-जोड्यांचा, तोवर वर्णन न झालेला डीएनए आढळला. त्यामुळे प्रथिनात किंवा खाण्याच्या सुरक्षिततेत फरक पडल्याचे दिसलेले नाही. तरीही लाखो एकरांवर पेरणी होऊन गेल्यावर ही माहिती पुढे यावी, ही गोष्ट किरकोळ म्हणून सोडून देता येणार नाही. खाल्लेले जनुक आतड्यात टिकते का, हेही तपासले गेले आहे. ब्रिटनमधील संशोधकांचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो, की लहान आतड्यातूनच मल पिशवीत जाण्याची शस्त्रक्रिया झालेल्या सात व्यक्तींमध्ये त्या जनुकाचा थोडा अंश तिथवर टिकला, परंतु पचनमार्ग अखंड असलेल्या १२ निरोगी व्यक्तींच्या विष्ठेत त्याचा मागमूस नव्हता.

मला सर्वांत मोठी उणीव दिसते ती दाण्यांच्या निवडीत. कंपनीच्या मूळ अभ्यासांत दाण्यांच्या घटकांचे पृथक्करण झाले, उंदीर, कोंबड्या, कॅटफिश मासे आणि दुभत्या गाई यांना ते सोयाबीन खाऊ घातले गेले आणि वाढीत किंवा दुधात फरक आढळला नाही. पण त्या चाचण्यांतील पिकावर ग्लायफोसेट फवारलेलेच नव्हते. ज्या गुणधर्मासाठी हे वाण निर्माण झाले आणि शेतकरी ज्या रीतीने ते पिकवणार होते, ती रीतच चाचणीबाहेर राहिली. विज्ञान-धोरणाचे ब्रिटिश अभ्यासक एरिक मिलस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात याकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी फवारलेल्या पिकाच्या दाण्यांचे पृथक्करणही प्रसिद्ध झाले आणि पोषक घटकांत लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे जपानमधील संशोधकांनी १०४ आठवडे उंदरांच्या आहारात ३० टक्के जीएम (जनुकीय बदल केलेले) सोयाबीन ठेवून केलेल्या प्रयोगातही हानिकारक परिणाम दिसले नाहीत. उत्तर दिलासा देणारेच निघाले, पण प्रश्न आधीच विचारला जायला हवा होता. युरोपीय संघाच्या २०१३ च्या नियमांनुसार तणनाशक सहन करणारे पीक, ते तणनाशक फवारून आणि न फवारता, दोन्ही प्रकारे तपासणे आता बंधनकारक आहे.

दाण्यात उतरणाऱ्या अवशेषांची नोंद वेगळी ठेवावी लागते. आयोवा राज्यातील सोयाबीनच्या ३१ नमुन्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तणनाशक सहन करणाऱ्या दाण्यांत ग्लायफोसेट सरासरी ३.३ मिलिग्रॅम आणि त्याच्या विघटनातून बनणारे एएमपीए ५.७ मिलिग्रॅम प्रतिकिलो आढळले; साध्या आणि सेंद्रिय नमुन्यांत ती आढळली नाहीत. कोडेक्सची ग्लायफोसेटसाठीची मर्यादा २० मिलिग्रॅम प्रतिकिलो आहे, म्हणजे हे प्रमाण मर्यादेत होते. ग्लायफोसेटबद्दलचा वादही इथे समजून घ्यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्ककारक’ ठरवले, तर अन्नातील कीडनाशक अवशेषांचा विचार करणाऱ्या, याच संघटनेच्या आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये आहारातून होणाऱ्या संपर्कामुळे कर्करोगाचा धोका संभवत नाही, असे म्हटले. पहिली संस्था पदार्थात तो गुण आहे का हे पाहते, दुसरी आहारातील प्रमाणात त्याने इजा होईल का हे पाहते. माझी काळजी ताटापेक्षा फवारणी करणाऱ्या माणसाबद्दल अधिक आहे, कारण त्याच्या अंगावर पडणारे प्रमाण वेगळेच असते.

शेतातील परिणाम तर दाण्याच्या चाचणीत दिसणारच नव्हते. एकच तणनाशक वर्षानुवर्षे वापरल्याने त्याला न जुमानणारी तणे वाढली. आपल्या राजगिऱ्याच्या कुळातील पामर अमरँथ या तणात, २०१० च्या एका अभ्यासानुसार, ईपीएसपीएस जनुकाच्या प्रती इतक्या वाढल्या होत्या, की काही रोपांत त्या साध्या रोपांच्या तुलनेत १६० पटींहून अधिक होत्या. त्यावर उपाय म्हणून ग्लायफोसेटबरोबर डायकांबाही सहन करणारे सोयाबीन आले आणि दोन तणनाशकांच्या एकत्रित अवशेषांचा नवा प्रश्न पुढे आला.

भारतात असे सोयाबीन पेरण्यास परवानगी नाही. त्याच्या तेलाच्या आयातीला २००७ मध्ये मान्यता मिळाली आणि ती मला समजण्यासारखी वाटते, कारण शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही आणि पाण्यात विरघळणारे ग्लायफोसेट तेलात फारसे उतरत नाही. पेंडीचे तसे नाही. प्रथिनही तिच्यातच राहते आणि अवशेषही. कोंबड्यांच्या खाद्याचे भाव भडकल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली, तेव्हा पेंडीत उगवू शकणारे जिवंत बियाणे नसते, हा मुख्य आधार होता. तो आधार खरा आहे, परंतु तो केवळ पर्यावरणात पसरण्याच्या प्रश्नाचे उत्तर देतो. बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक खेपेतील ग्लायफोसेट आणि एएमपीए यांचे प्रमाण मोजून ते आकडे कुक्कुटपालक आणि ग्राहक या दोघांनाही पाहता येतील अशा रीतीने प्रसिद्ध करणे, हे त्या परवानगीच्याच अटींमध्ये असायला हवे.