गूळ खाल्ल्याने छातीतली धूळ निघते का?
"कापसाच्या धुळीत काम करणाऱ्याने रोज गूळ खाल्ला की छाती साफ राहते" हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय, गिरणगावातल्या जुन्या घरांतही हेच ऐकायला मिळतं. वाटणं साहजिक आहे, कारण गुळाने घशाला बरं वाटतं. पण गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात आणि धूळ जाते श्वासनलिकेतून फुफ्फुसात, रस्तेच वेगळे, चुकून एखादा कण तिकडे गेला तर लगेच ठसका लागतो, हे कुणीही बघू शकतं. उंदरांवर थोडे प्रयोग झालेत, पण माणसाला त्याने संरक्षण मिळतं असं सिद्ध झालेलं नाही.

कापसाच्या धुळीने फुफ्फुसांना होणाऱ्या आजाराचं नाव बिसिनोसिस, ब्लोरूम (गाठी मोकळ्या करून कापूस साफ करायचा विभाग) आणि कार्डिंग (कापूस पिंजून तंतू सुटे करायचा विभाग) इथे धूळ जास्त म्हणून तिथल्या लोकांना जास्त व्हायचा. खूण म्हणजे रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळल्यासारखी वाटते, दम लागतो. असं होत असेल तर सोमवारी ड्युटीआधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा फुंकर मारायची टेस्ट, स्पायरोमेट्री, करून घ्या, फरक आकड्यातच दिसतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात हा आजार सरकारकडे नोंदवायच्या यादीत होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेतही आहे, आणि धूळ निघते तिथेच ती ओढून घ्यायची सोय करणं ही मालकाची जबाबदारी आहे. गूळ आवडत असेल तर खुशाल खा, पण मास्क आणि एक्झॉस्ट मागायचं सोडू नका.