माता-बाल आरोग्यसेवेतील पितृसहभाग

गरोदरपण, बाळंतपण आणि बाळाचे पहिले महिने या काळात डॉक्टर, परिचारिका व आशा कार्यकर्त्यांनी बाळाच्या वडिलांना सेवेत सामील करून घेणे म्हणजे पितृसहभाग. एरवी केसपेपर काढणे, औषधे आणणे आणि बाकड्यावर थांबणे एवढेच काम त्यांच्या वाट्याला येते.

‘बायकोची काळजी घ्या’ असे मोघम सांगून फारसे काही साधत नाही. बोलावण्याचे कारण नेमके हवे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह निघाल्यास वडिलांचाही तपासावा लागतो. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळणाऱ्या जिल्ह्यांत आई वाहक (स्वतः आजारी नसली तरी आजाराचे जनुक बाळगणारी) असेल, तर वडिलांची चाचणी पहिल्या तिमाहीतच उरकावी. दोघे वाहक असल्यास दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारात पेनिसिलिन फक्त आईला दिले, तर नवऱ्याकडून तिला पुन्हा संसर्ग होऊ शकतो.

मात्र आधी आईला एकटीला भेटून तिची संमती घ्यावी. घरात मारहाण होत असेल, तर ती नवऱ्यासमोर बोलणार नाही. ‘नवऱ्याला घेऊन ये, मगच तपासू’ ही अट तर घालूच नये. एकट्या किंवा टाकलेल्या बाईची तपासणी त्यामुळे बुडते.

महाराष्ट्रातली खरी अडचण माहेरच्या बाळंतपणाची. दवाखान्यातील प्रसूतीनंतर आशाच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी होतात, पण त्या माहेरच्या गावात. वडील दुसऱ्याच गावी. आईला विचारून त्यांचा मोबाइल क्रमांक नोंदवावा आणि धोक्याची लक्षणे थेट त्यांनाच सांगावीत: बाळ दूध ओढेनासे होणे, अंग गार पडणे, मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, झटके, तळहात-तळपाय पिवळे दिसणे. पाचवीला किंवा बारशाला ते आले की गुटी, मध, पाणी यांचा विषय काढावा. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचे नाही, हे सासरी आग्रहाने सांगणारा माणूस तेव्हा तयार होतो.

कमी वजनाच्या बाळासाठी कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ऊब देणे, वडीलही देऊ शकतात. नाव ‘मदर’ असल्याने अनेकांना हे ठाऊकच नसते. खोकला-सर्दी नसावी, आंघोळ केलेली असावी, छातीला अत्तर किंवा पावडर नको. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून छातीवर उभे धरावे, मान किंचित मागे व चेहरा एका बाजूला ठेवावा. एका बैठकीत किमान एक तास. हमखास होणारी चूक म्हणजे मोबाइल बघत वडील खुर्चीत घसरतात, बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग दबतो. म्हणून पहिल्या बैठकीला परिचारिकेने जवळ थांबावे.

वडिलांनाही प्रसूतिपश्चात नैराश्य येते. ते रडण्यापेक्षा चिडचिड, दारू वाढणे, उशिरापर्यंत घराबाहेर राहणे अशा रूपात दिसते आणि बेजबाबदारपणात जमा होते. ‘झोप होते का?’ असे साधे विचारून सुरुवात करावी. गरज भासल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा.